दुसरं गेट

२७ जानेवारी २०२४, शनिवार. आदल्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या खुर्च्या अजून आवारात तशाच होत्या. सकाळी साडेनऊला गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला, "मॅडम, एक आजी येऊन बसल्यात. उठायला तयार नाहीत. प्लांटमध्ये काही झालंय का?"

काही झालेलं नव्हतं. पहिली पाळी नीट चालू होती, भोंगा वाजला नव्हता. मी गेटवर गेले. केबिनच्या कट्ट्यावर, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून एक बाई बसल्या होत्या. आमच्या एका ऑपरेटरची आई. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून पहिली एसटी धरून आल्या होत्या. थोरला आमच्याकडे पाळीत होता, सुखरूप होता. धाकटा बोटीवर फिटर. रात्री शेजारच्या घरी टीव्हीवर त्यांनी ऐकलं होतं, की एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून एक टँकर पेटला आणि त्यावर बावीस भारतीय आहेत.

"काकी, मग इथं कशा आलात?"

"मंग कुटं जाऊ? दुसरं गेट मला ठाव न्हाय."

महाड एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी बावीस वर्षं कल्याण अधिकारी आहे. काकींच्या या वाक्याचा अर्थ माझ्याइतका लवकर कोणाला कळला नसता. आमच्याकडे अवेळी भोंगा वाजला, की बिरवाडी, नांगलवाडी, खैरे, जिते या गावांतून बायका हातातलं काम टाकून निघतात. बंब पोहोचतो न पोहोचतो तोच गेटच्या जाळीला माणसं लागलेली असतात. कोणाचा नवरा, कोणाचा दीर, कोणाची लेक पॅकिंगला. त्या जाळीपाशी जाऊन उभं राहणं हा माझ्या कामाचा सगळ्यात अवघड भाग. तिथंच मी तीन गोष्टी शिकले. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं. जे कळलेलं नाही ते "अजून कळलेलं नाही" असं स्पष्ट म्हणायचं. आणि पुढची खबर किती वाजता देणार ते सांगायचं, मग खबर असो वा नसो, त्या वेळेला परत जाळीपाशी यायचं. माणसं वाईट बातमीला तोंड देतात. कोणी बाहेरच येत नाही, हे त्यांना सहन होत नाही.

या भागातल्या लोकांना वाट बघणं नवं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या पाण्यात गेल्या. तेव्हा कुठकुठून आलेले नातेवाईक नदीच्या काठावर दिवसचे दिवस उभे होते. पण त्यांना निदान काठ होता. बोटीवरच्या माणसाच्या घराला ना काठ, ना गेट. बेलापूरच्या कुठल्याशा इमारतीतलं एजंटचं कार्यालय, एक मोबाइल नंबर आणि व्हॉट्सअॅपवरचा गोल फोटो, एवढंच.

त्या दिवशी थोरल्याला पाळीतून बोलावून घेतलं. त्याच्या मोबाइलमध्ये धाकट्याच्या कराराचा फोटो होता, आडवा आणि अर्धा कापलेला. पण जहाजाचं नाव वाचता येत होतं. बातमीतलं जहाज होतं मार्लिन लुआंडा. करारावर दुसरंच नाव. मी काकींना सांगितलं, "ही आपली बोट नाही. पण त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी तुम्हाला घरी जा म्हणणार नाही." एजंटचा फोन शनिवार असल्यामुळे नुसता वाजत राहिला. दुपारी एकच्या सुमारास धाकट्याचा व्हॉइस मेसेज आला. ठीक होता. त्यांचं जहाज अजून लांब होतं. मात्र चार-पाच दिवसांनी त्याच पाण्यात शिरणार होतं.

काकींनी पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "मंग ती बावीस पोरं कुनाची?"

या प्रश्नाचं उत्तर थोरल्यानं दिलं. त्या जहाजात नाफ्था होता. नाफ्था म्हणजे काय हे आमच्या ऑपरेटरला कोणी समजवायला नको. तो आईला म्हणाला, ही आग पाण्यानं विझत नाही, फोम मारावा लागतो, आणि फोम संपला तर माणसं हतबल होतात. भारतीय नौदलाची विशाखापट्टणम ही विनाशिका मदतीला गेली. तिच्यावरचे दहा जण सामान घेऊन जहाजावर चढले, आणि त्यांनी व खलाशांनी मिळून सहा तासांनी आग आटोक्यात आणली. बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी, सगळे वाचले. त्या जहाजाचे कप्तान अविलाश रावत आणि त्यांच्या खलाशांना त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. प्रत्येकाला तसं नशीब लाभलं नाही. पुढं ६ मार्चला, ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी गेले. दोघं फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. त्यांच्याही आया कुठल्या तरी वाडीत राहत असतील, असं काकी म्हणाल्या.

माझा आणि बोटीवरच्या माणसांचा संबंध खरं तर उलट्या बाजूनं सुरू झाला होता. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या फोनला जीव आला तेव्हा त्यात अनोळखी नंबरांवरचे मेसेज होते. आमच्याकडे पूर्वी कंत्राटावर काम केलेली, नंतर बोटीवर गेलेली पोरं. एक सिंगापूरजवळ, एक ब्राझीलच्या बंदरात. "मॅडम, आमचं घर आहे का बघाल?" तेव्हा काळजी समुद्राकडून जमिनीकडे येत होती. चिखलातून घराघरात जाऊन मी फोटो काढले, माणसं उभी करून काढले, आणि पाठवले. एकानं नंतर सांगितलं, तो फोटो येईपर्यंतचे तीन दिवस त्यानं काय काम केलं ते त्याला आठवत नाही. न कळण्याचा मार दोन्हीकडे सारखाच बसतो, हे मला तिथं समजलं.

ही पोरं समुद्रावर का जातात, ते इथं राहणाऱ्याला ठाऊक आहे. भातशेती एका पावसाची. एमआयडीसीत कायम नोकरी मिळणं कठीण, कंत्राटदाराकडे वर्षानुवर्षं फिरत राहावं लागतं. आयटीआयचा फिटर किंवा वेल्डर झालेला मुलगा बघतो, की ओळखीतला एक जण बोटीवर गेला आणि दोन करारांत घराला स्लॅब पडला. मग पतपेढीचं कर्ज, आईच्या गळ्यातलं सोनं, सुरक्षेचे कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक. काकींच्या घरी पुतळ्यांची माळ गहाण होती. ती माळ सुटेपर्यंत धाकट्याला कुठल्याही पाण्यात जायला नाही म्हणणं अवघड होतं.

शनिवारपासून त्याचं जहाज त्या पट्ट्यात शिरेपर्यंतच्या दिवसांत आम्ही जे केलं, तेच पुढं माझ्या कामाचं वळण झालं. शंभर पानी वहीचं पहिलं पान केलं. त्यावर जहाजाचं नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक लिहिला, कारण जहाजाचं नाव बदलतं, हा क्रमांक बदलत नाही. जहाजाचा झेंडा कोणत्या देशाचा, मालक कोण, चालवणारी कंपनी कोण, भरती करणाऱ्या एजंटचा सरकारी परवाना क्रमांक काय, धाकट्याचा सीडीसी क्रमांक आणि खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला इंडोस क्रमांक, पासपोर्टची प्रत, कराराची सगळी पानं, नॉमिनी कोण. निम्म्या रकान्यांत लिहायला घरच्यांकडे काहीच नव्हतं. मग धाकट्यालाच मेसेज करून एकेक मागवलं. कारखान्यात माणूस कामावर घेताना आम्ही हे सगळं पहिल्या दिवशी भरून घेतो. बोटीवरच्या माणसाचंही कुठे तरी भरलेलं असतंच, फक्त ते घरात नसतं. आणि वेळ आली की धावपळ घरच्यांनाच करावी लागते.

पैशाचीही गोष्ट तशीच. पगार त्याच्या एकट्याच्या खात्यात यायचा आणि ओटीपी समुद्रावरच्या फोनवर. नेट बंद झालं की घरात पैसा असून नसल्यासारखा. पगारातला ठरलेला भाग थेट घरी पाठवण्याची सोय असते, तिला बोटीवरचे लोक अलॉटमेंट म्हणतात. ती त्यानं केलीच नव्हती. ती करून घेतली.

मग कोणाला विचारायचं याची यादी. आधी कंपनी, मग एजंट. तिथं दाद लागली नाही तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा चोवीस तास चालणारा कक्ष. नुसी ही १८९६ पासूनची खलाशांची संघटना. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल. आणि आयस्वान या संस्थेची सीफेररहेल्प ही सेवा, जी खलाशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी फुकट आहे. ही यादी मी काकींच्या घरी देवाच्या फोटोशेजारी चिकटवली. संकटात माणूस शोधाशोध करू शकत नाही. त्याला भिंतीकडे बघून नंबर सापडला पाहिजे.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो नकाशावरच्या ठिपक्यानं. आजकाल बोटीवर माणूस असलेल्या घरात जहाजं दाखवणारं अॅप असतं. धाकट्याची वहिनी रात्री दोन-दोनदा उठून ठिपका बघायची. एका पहाटे ठिपका दिसेना. तिनं मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. माझाही श्वास अडकला होता. नंतर एका जुन्या बोसनकडून, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाकडून, समजून घेतलं, की धोक्याच्या पाण्यात कप्तान जाणूनबुजून जहाजाची जागा कळवणारी यंत्रणा बंद करू शकतो, कारण तोच ठिपका हल्ला करणाऱ्यालाही दिसतो. काही कंपन्या त्या पट्ट्यात जहाजावरचं वायफायही बंद करतात. म्हणजे घरच्यांच्या जिवाचा ठोका चुकवणारी शांतता पुष्कळदा त्यांच्या माणसाच्या रक्षणासाठीच असते. हे एकदा आधी सांगितलं असतं, तर त्या पोरीच्या किती रात्री वाचल्या असत्या! तेव्हापासून मी प्रत्येक घरी हे पहिल्या भेटीतच सांगते, आणि जहाजाचं नाव व ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, हेही सांगते.

त्याच दिवसांत दासगावकडच्या एका चाचांना भेटायला गेले होते. सावित्रीच्या भरतीवर एकेकाळी गलबतं दासगाव-महाडपर्यंत यायची. या काठच्या कितीतरी कोकणी मुसलमान घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोटीची नोकरी. चाचांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढणारे. बोटीला टॉर्पेडो लागला आणि ते वाचले. हे घरी कळायला महिने गेले. तोवर चाचांच्या आईनं मगरिबच्या नमाजनंतर दारातला कंदील कधी विझू दिला नाही. सगळ्यांची माणसं परत आली नाहीत. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी गृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी जहाजांवरच्या जवळपास सहा हजार खलाशांची नावं स्मृतिपुस्तकात नोंदलेली आहेत. त्यांनी बंदूक हातात घेतली नव्हती. त्यांनी कोळसा ओढला, दोर ओढले, भात शिजवला.

मी चाचांना नकाशा दाखवला. लाल समुद्राच्या तोंडाशी बोट ठेवून ते म्हणाले, "बाब-अल-मंदेब. बाब म्हणजे दरवाजा. आसवांचा दरवाजा." जेमतेम तीस किलोमीटर रुंदीची ती सामुद्रधुनी. मला काकींचं गेट आठवलं.

कायदा खलाशाच्या बाजूनं अगदीच मुका नाही. २०२३ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय कामगार करारांत लाल समुद्राचा दक्षिण भाग धोक्याचा म्हणून ठरला. असा करार लागू असलेल्या जहाजावरच्या माणसाला तिथं जायला नकार देता येतो. गेला तर मूळ पगाराइतका जादा भत्ता आणि मृत्यू वा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई. समुद्री चाच्यांनी ओलीस धरलं तर तेवढ्या काळाचा पगार चालू ठेवावाच लागतो, ही तरतूद सागरी कामगार करारात २०२० च्या डिसेंबरपासून अमलात आहे. या तरतुदी सहजी मिळालेल्या नाहीत. २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पकडलेल्या अॅस्फाल्ट व्हेंचर जहाजाची खंडणी घेऊनही सात भारतीयांना ठेवून घेतलं होतं; ते २०१४ मध्ये सुटले. २००८ मध्ये स्टोल्ट व्हॅलर पकडलं गेलं तेव्हा कप्तान प्रभात गोयल यांच्या पत्नी सीमा गोयल दारोदार फिरल्या, म्हणून देशाला त्या जहाजाची दखल घ्यावी लागली. घरच्या बायकांनी ठोठावलेल्या दारांतून हे हक्क आलेले आहेत.

पण हक्क आणि हिंमत यांच्यामध्ये कर्ज उभं असतं. धाकट्यानं फोनवर भावाला विचारलं, "दादा, मी नाही म्हटलं तर पुढची बोट मिळेल का?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं. जा किंवा जाऊ नको, हे मी सांगितलं नाही. ते माझं काम नव्हे. आम्ही एवढंच केलं, की पतपेढीचा हप्ता, माळेचं व्याज, घरखर्च कागदावर मांडला. थोरला म्हणाला, चार महिने मी ओढतो. मग त्याला कळवलं, "घराची काळजी निर्णयात धरू नकोस. उरलेलं तू ठरव." तो जहाजावर राहिला. पण ते त्यानं स्वतः ठरवलं होतं, माळेनं नव्हे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "आता नेट बंद. बाहेर पडलो की सांगतो." पुढचे चाळीस तास. वालाचे दिवस होते. भावकीतल्या बायका सुपं घेऊन काकींच्या ओटीवर येऊन बसल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. कोणी "काळजी करू नका" म्हटलं नाही. टीव्ही लावायचा नाही, असं ठरलं होतं. मी दर सहा-आठ तासांनी फोन केला. "काकी, अजून काही कळलेलं नाही. रात्री दहाला परत करते." रात्री दहाला, "काही कळलेलं नाही. सकाळी सहाला." तिसऱ्या फोनला काकी म्हणाल्या, "काय नसलं तरी कर गं." त्याआधी दुसऱ्या एका घरी मी घाईत "काही होणार नाही" असं बोलून गेले होते. त्या घरातल्या मुलीनं माझा हात धरून विचारलं होतं, "नक्की ना?" त्या प्रश्नापुढं मी खाली बघितलं, ते अजून टोचतं. खात्री माझ्याकडे नाही, ती कोणाकडेच नसते. ठरल्या वेळेचा फोन मात्र मी देऊ शकते.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मेसेज आला. "निघालो बाहेर. जेवलो." काकींनी सोललेले वाल सगळ्या बायकांना वाटून टाकले.

मे महिन्यात तो घरी आला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. आमच्या कारखान्यात दर सोमवारी भोंग्याची चाचणी होते. भावाला डबा द्यायला आलेला धाकटा गेटसमोरच्या टपरीवर उभा होता. भोंगा वाजला आणि तो भिंतीला धरून खाली बसला. त्या चाळीस तासांत तो हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून इंजिन कंट्रोल रूममध्ये होता. पाण्याच्या रेषेखाली असल्यानं काही लागलं तर तिथून बाहेर पडणं अवघड, हे त्याला ठाऊक होतं. घरी आल्यापासून झोप नव्हती. डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, कारण नोंद झाली तर पुढच्या मेडिकलला अडेल ही भीती. मी त्याला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिला. फोनवर बोलायचं, मराठीतही बोलता येतं. आठ दिवसांनी तो स्वतःच सांगायला आला, "मॅडम, बोललो." काळजी घेण्याचं काम माणूस बोटीवरून उतरल्यावरही चालूच राहतं, हे मला त्यानं शिकवलं.

आमच्या महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. घरटी माणूस सैन्यात, म्हणून नावातच फौजी. सीमेवर काही झालं तर त्या घराला पलटण आहे, अलिबागला सैनिक कल्याण कार्यालय आहे, गावात दहा निवृत्त फौजी आहेत. दुःख कमी होत नाही, पण दार ठोठावायला जागा असते. बोटीवरचा फिटर सैनिक नाही, युद्ध त्याचं नाही. पण आपल्या गाडीतलं इंधन, शेतातलं खत, आमच्या कारखान्याचा कच्चा माल तोच युद्धाच्या पाण्यातून आणतो. त्याच्या घरासाठी तालुक्याच्या ठिकाणी एक माणूस, एक टेबल, एक फोन का असू नये? तहसील कचेरीत, पंचायत समितीत, कुठेही. बोटीवर कोण कोण आहे याची नोंद, आणि गरज पडली तर मुंबईशी बोलणारा एक जबाबदार आवाज. फार खर्चाचं काम नाही. कोणी तरी गेटवर उभं राहायचं आहे, एवढंच.

२०२५ च्या जूनमध्ये इस्रायल-इराणची लढाई भडकली. पावसाचे दिवस होते. होर्मुझच्या सामुद्रधुनीत उपग्रहांच्या संकेतांत असे अडथळे आले, की नकाशावरची जहाजं भलतीकडेच दिसू लागली. माझ्या वहीत तेव्हा सात घरं होती. आठवं घर पोलादपूरजवळचं, नवी लग्न झालेली मुलगी. मी पावसातून तिच्या घरी पोहोचले तेव्हा ओटीवर काकी आधीच बसलेल्या होत्या. शेतातून तशाच आल्या होत्या, पायाला चिखल. मुलीच्या हातातला फोन त्यांनी काढून पालथा ठेवला होता.

"ठिपका बघू नको," त्या तिला सांगत होत्या. "तो खोटं पन बोलतो. त्या बाईचा फोन येल. काय कळलं नसंल तरी येल. कवा येनार ते आधी सांगून ठेवती."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली आणि तिला वेळ सांगितली.